समुद्र-हवामान संशोधन, सायटेशन आणि एच-इंडेक्स : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात समुद्रविज्ञानावर बोलून आले की पुढचे आठ-पंधरा दिवस फोन वाजत राहतो. विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात, कधी बंदरावरची माणसंही विचारतात. मी वेंगुर्ल्याची. आयुष्याची बरीच वर्षं समुद्राच्या मोजमापांत गेली. अलीकडे बहुतेक प्रश्न आकड्यांवर येऊन थांबतात: अमक्याचा एच-इंडेक्स किती, तमक्याला किती सायटेशन्स (अर्थ प्रश्न ५ आणि ६ मध्ये). या आकड्यांवर मुलांच्या नोकऱ्या ठरू लागल्या आहेत, पण ते वाचायचे कसे हे त्यांना कुणी बसून सांगत नाही. म्हणून ही उत्तरं एकत्र केली. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. जिथे संबंध आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समुद्रशास्त्रज्ञ म्हणजे मासेमारी शिकलेला माणूस का?

नाही. मासेमारी, मत्स्यशेती, कोळंबी संवर्धन हे मत्स्यविज्ञानात येतं. त्यासाठी आपल्याकडे रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. समुद्रविज्ञान पाण्यापासून सुरू होतं. प्रवाह, लाटा, भरती-ओहोटी आणि तापमान पाहणारे भौतिक शाखेचे. पाण्यातला ऑक्सिजन, क्षार, कार्बन मोजणारे रसायन शाखेचे. प्लवकांपासून, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जिवांपासून, देवमाशांपर्यंत जीव पाहणारे जीवशास्त्राचे, आणि तळाचा गाळ व खडक वाचणारे भूशास्त्राचे. समुद्र आणि हवा एकमेकांना उष्णता आणि बाष्प कसं देतात, आणि त्यातून मोसमी पाऊस कसा घडतो वा बिघडतो, हे शोधणारा तो समुद्र-हवामान शास्त्रज्ञ. मिरगाचा पाऊस लांबला की आपण आभाळाकडे बघतो. तो अरबी समुद्राचं तापमान बघतो.

२. कोकणातल्या मुलाने बारावीनंतर कुठला रस्ता धरायचा?

गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका, एवढंच मी पहिल्यांदा सांगते. बीएस्सी रत्नागिरी, मालवण, अलिबाग, कुठेही करा. पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठ, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आणि विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ ही समुद्रविज्ञानाची जुनी ठिकाणं आहेत. हवामानाच्या बाजूने जायचं तर पुणे.

पीएचडीसाठी बहुतेकांची पावलं गोव्यातल्या दोना पावलाकडे वळतात. तिथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला सुरू झाली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अनेक देशांनी मिळून हिंद महासागराची मोठी पाहणी केली होती, तिच्यातूनच या संस्थेचा जन्म. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, समुद्राची माहिती आणि अंदाज देणारं हैदराबादचं इन्कॉइस, आणि वास्कोचं ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हे बाकीचे मोठे मुक्काम. फेलोशिपसाठीच्या सीएसआयआर-नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं आणि ती फिजिक्स किंवा लाइफ सायन्समधून परीक्षा देत राहतात.

३. पीएचडी करताना घरून पैसे मागावे लागतात का?

फेलोशिप असेल तर नाही. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. रक्कम खात्यात उशिरा जमा होण्याचे अनुभव मात्र अनेकांना आहेत. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून जा.

४. मुलीला जहाजावर पाठवावं लागेल का? आम्हाला काळजी वाटते.

हा प्रश्न आया जास्त विचारतात, आणि मी त्याला नेहमी वेळ देते. अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या. दोना पावलाच्या संस्थेत त्या समुद्रशास्त्रज्ञ होत्या. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या अंटार्क्टिकाला गेल्या. त्यांच्यासोबत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या दोन स्त्रिया. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली.

मी स्वतः पहिल्यांदा मोहिमेवर गेले तेव्हा दोन दिवस उशीवरून डोकं उचलता आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे डेकवर उभी राहून खोल पाण्यातून वर येणाऱ्या यंत्राची वाट पाहत होते, आणि त्या दिवसानंतर मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही. जहाजावर राहण्याची व्यवस्था वेगळी असते, कामाच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि माणसं एकमेकांची काळजी घेतात.

पण जहाज सक्तीचं नाही. आज हवामानावर काम करणारे कित्येकजण समुद्रावर न जाता संशोधन करतात. जगाच्या समुद्रांत सुमारे चार हजार आर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप मोजमाप घेणारी यंत्रं, तरंगतात. ते दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येतात, वाटेत तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. ती सगळी माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. गुहागरच्या घरात बसूनसुद्धा.

५. सायटेशन म्हणजे नेमकं काय?

तुम्ही एक शोधनिबंध लिहिला. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात तुमच्या निष्कर्षाचा, पद्धतीचा किंवा आकड्यांचा आधार घेतला आणि शेवटच्या यादीत तुमचा निबंध नोंदवला. ते तुमचं एक सायटेशन. कुणी कुणाचा आधार घेतला याची पद्धतशीर सूची करायची कल्पना अमेरिकेतल्या यूजीन गारफिल्ड यांची. १९५५ मध्ये त्यांनी ती मांडली आणि १९६४ मध्ये पहिली विज्ञान-सायटेशन सूची छापली. हेतू साधा होता: एखाद्या जुन्या निबंधावरून पुढे कोण कुठे गेलं ते शोधता यावं. माणसं मोजण्यासाठी तिचा वापर पुढे वाढत गेला.

६. एच-इंडेक्स साध्या भाषेत सांगाल का?

तुमची हापूसची बाग आहे असं धरा. किमान दहा डझन आंबे देणारी दहा कलमं बागेत असतील, तर बागेचा एच-इंडेक्स दहा. अकरावं कलम दहाच डझन देत असेल तर आकडा दहावरच थांबतो. एखाद्या कलमाने हजार डझन दिले तरी त्या एकट्याने आकडा वाढत नाही. शंभर कलमं आहेत पण प्रत्येकी एकच डझन, तरीही इंडेक्स एक.

आता कलमाच्या जागी निबंध आणि डझनाच्या जागी सायटेशन ठेवा. एकीचे सात निबंध आहेत आणि सायटेशन्स उतरत्या क्रमाने ४०, २२, १५, ९, ६, ५, २. पाचव्या निबंधाला सहा आहेत, म्हणजे पाचपेक्षा कमी नाहीत. सहाव्याला पाचच, म्हणजे सहाला कमी पडले. तिचा एच-इंडेक्स पाच.

अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचवलं. ते लोकप्रिय झालं कारण भरपूर लिहिणं आणि उपयोगी लिहिणं, दोन्ही एकाच आकड्यात येतं. त्याच्या तीन उणिवा मात्र लक्षात ठेवाव्यात. हा आकडा कधी कमी होत नाही, माणसाने काम थांबवलं तरी. तो वयाबरोबर वाढतो, त्यामुळे पंचविशीतल्या मुलीची आणि पासष्टीतल्या प्राध्यापकांची तुलना करायला तो निरुपयोगी. आणि निबंधात तुमचं नाव पहिलं आहे की पन्नासावं, हे त्याला कळत नाही.

७. आय-टेन इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टर?

किमान दहा सायटेशन्स असलेले निबंध किती, तो आय-टेन. वरच्या उदाहरणात तीन. इम्पॅक्ट फॅक्टर माणसाचा नसतो, नियतकालिकाचा असतो: आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली. 'माझा इम्पॅक्ट फॅक्टर इतका' असं बायोडेटात लिहू नका.

८. गुगल स्कॉलरवर सरांची सायटेशन्स ९०० दिसतात आणि स्कोपसवर ५५०. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. दोघांचं जाळं वेगळ्या आसाचं, म्हणजे वेगळ्या छिद्रांचं आहे. गुगल स्कॉलर बारीक आसाचं जाळं टाकतो: प्रबंध, अहवाल, परिषदांतले लेख, छापण्याआधीचे मसुदे, सगळं त्यात येतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूच्या निवडक नियतकालिकांच्या यादीतलंच धरतात. म्हणून गुगलचा आकडा बहुतेक वेळा मोठा असतो आणि त्यात थोडा केरकचराही येतो, एकाच लेखाची दुहेरी नोंद किंवा दुसऱ्याच माणसाचा लेख. अर्जात आकडा लिहिताना तो कुठून आणि कुठल्या तारखेला घेतला हे लिहा. दोन उमेदवारांची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

९. किती एच-इंडेक्स असला म्हणजे चांगला शास्त्रज्ञ?

हिर्श यांनी आपल्या निबंधात म्हटलं होतं की वीस वर्षांच्या कामानंतर वीसच्या आसपास असेल तर तो यशस्वी शास्त्रज्ञ समजावा. पण ते भौतिकशास्त्रज्ञांबद्दल बोलत होते. हेच माप गणितात कडक पडतं आणि वैद्यकशास्त्रात ढिलं. आमच्या विषयाच्या आतसुद्धा फरक आहे. उपग्रहाच्या किंवा संगणकीय प्रारूपांच्या माहितीवर काम करणाऱ्याचे निबंध भराभर होतात. खाडीच्या गाळात दर महिन्याला जाऊन तळाचे जीव मोजणाऱ्याची तीन वर्षं एका निबंधात जातात. माझ्याकडे निवडीचं काम आलं तेव्हा मी आकड्याच्या आधी उमेदवाराचे दोन निबंध पूर्ण वाचले. त्याला वेळ लागतो. माणूस निवडायचा तर तेवढा वेळ द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१०. सायटेशन्स जास्त म्हणजे संशोधन बरोबर, असं धरायचं का?

जास्त सायटेशन्स म्हणजे त्या कामाची दखल घेतल्याशिवाय पुढे जाता आलं नाही. बरोबर की चूक, ते वेगळं तपासावं लागतं.

आमच्या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण १९९९ चं आहे. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चौघांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं की उष्णकटिबंधातल्या हिंद महासागराची पश्चिम बाजू तापते तेव्हा पूर्व बाजू निवते, आणि कधी उलट घडतं. हाच इंडियन ओशन डायपोल. त्यांच्या हिशोबाने तिथल्या पृष्ठतापमानाच्या चढउतारातला सुमारे १२ टक्के भाग या झुल्याचा होता. आफ्रिकेच्या पूर्वेला पूर आणि इंडोनेशियात दुष्काळ यांचा धागा त्यांनी त्याला जोडून दाखवला. या निबंधाला हजारो सायटेशन्स आहेत. त्यांतली कित्येक विरोधकांची! हा झुला स्वतंत्र नाही, एल निनोचीच (प्रशांत महासागर तापण्याचीच) सावली आहे, असं म्हणणाऱ्यांनाही तो निबंध नोंदवावाच लागला. वाद घालता घालता विषय पक्का झाला आणि आज हंगामी अंदाजात डायपोलचं नाव घेतल्याशिवाय भागत नाही. २०१९ साली तो फार जोरात होता. त्या वर्षी पावसाळा लांबला आणि ऑक्टोबर संपता संपता अरबी समुद्रात आधी 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी चक्रीवादळं उठली. किनाऱ्यावरच्या कुणाला ते दिवस आठवत नसतील?

दुसरी गोष्ट, काही प्रकारचे निबंध मुळातच जास्त उद्धृत होतात. आढावा घेणारे आणि माहितीसाठा उभा करणारे. १९९६ मध्ये युजेनिया काल्ने आणि सहकाऱ्यांनी जुन्या हवामाननोंदी एकाच पद्धतीने पुन्हा बसवून चाळीस वर्षांचा सलग साठा दिला. तो वापरणारा प्रत्येकजण तो निबंध नोंदवतो, त्यामुळे भूविज्ञानातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांत तो आहे. ते सायटेशन म्हणजे कृतज्ञता आहे, आणि ती रास्त आहे. स्वतःच स्वतःला उद्धृत करण्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

११. मग ज्याला सायटेशन्स नाहीत ते काम वाया गेलं का?

समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये दोन पेट्यांचं एक साधं प्रारूप मांडलं. एका पेटीत गरम खारं पाणी, दुसरीत थंड गोडसर. त्यावरून त्यांनी दाखवलं की समुद्राचं मोठं अभिसरण, म्हणजे पाण्याचं फिरणं, दोन वेगवेगळ्या अवस्थांत स्थिर राहू शकतं. पुढची जवळजवळ वीस वर्षं त्याकडे फार कुणी फिरकलं नाही. आज अटलांटिकचं अभिसरण कोलमडेल का, ही चर्चा त्या निबंधापासून सुरू होते. हवामानशास्त्रज्ञ मानाबे यांनी वेदराल्ड यांच्यासोबत १९६७ मध्ये कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर तापमान किती वाढेल याचा हिशोब मांडला. मानाबे यांना नोबेल मिळालं २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदीत.

पण मला याहून जवळचं उदाहरण सांगायचं आहे. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरतीची उंची नोंदवली जाते. हिंद महासागरातल्या सगळ्यात लांब नोंदींपैकी ही एक. उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंद महासागराच्या किनाऱ्यांवरच्या अशा दीर्घ नोंदी तपासल्या आणि समुद्रपातळी वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटरने वाढत असल्याचं दाखवलं. तो निबंध भरपूर उद्धृत झाला. पण शंभरसव्वाशे वर्षं पावसापाण्यात जाऊन कागद बदलणारी, घड्याळ लावणारी, आकडा वहीत उतरवणारी माणसं कुठल्याच सूचीत नाहीत. रत्नागिरी, हर्णे, वेंगुर्ला इथल्या हवामान वेधशाळांत पहाटे उठून तापमापक वाचणाऱ्यांचंही तेच. त्यांच्याशिवाय एकाही निबंधाला पाया नाही. मी विद्यार्थ्यांना आभाराचा परिच्छेद सगळ्यात आधी लिहायला लावते, तो यासाठी.

१२. आमच्या खाडीवर, आमच्या किनाऱ्यावर केलेलं संशोधन जगात कोण वाचणार?

जगाच्या कामाचा प्रश्न त्या खाडीत सापडला तर जग वाचतं.

आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्यात पृष्ठावरचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी १९८७ च्या पावसाळ्यात जहाजावरून मोजमापं घेतली. १९९० च्या निबंधात त्यांनी या दक्षिणवाही प्रवाहाच्या खाली उलट दिशेचा अंतःप्रवाह दाखवला. किनाऱ्याजवळ खोलातलं थंड पाणी वर कसं येतं, तेही मांडलं. भर पावसाळ्यात हे काम करणं म्हणजे काय, ते ज्याने आषाढातला दर्या पाहिलाय त्यालाच कळेल.

ते वर येणारं पाणी खताने भरलेलं असतं पण त्यात ऑक्सिजन कमी असतो. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याची साय धरते, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोचत नाही. प्लवकं भरपूर वाढतात, मरतात, तळाशी कुजतात आणि उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात उथळ पट्ट्यात तळाचं पाणी जवळजवळ निर्जीव होतं. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की या पट्ट्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि ऑक्सिजनची टंचाई वाढते आहे. हे आपल्याच किनाऱ्यासमोरचं पाणी. जगभरचे लोक हा निबंध उद्धृत करतात, कारण पेरूपासून नामिबियापर्यंत हाच प्रश्न आहे.

तेव्हा 'अमुक खाडीतील प्लवकांचा हंगामी अभ्यास' एवढ्यावर थांबू नका. त्या खाडीत असं काय घडतंय जे दुसरीकडे समजायला मदत करेल, हे शीर्षकात आणा. आणि तसं काही नसेल तरी नोंदी ठेवा. वीस वर्षांनी त्याच खाडीवर बंदर आलं की आधीचं पाणी कसं होतं हे सांगायला तुमचाच निबंध लागेल.

१३. वर्तमानपत्रात येतं, 'आपल्या कॉलेजचे प्राध्यापक जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत'. हे काय असतं?

स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ही यादी काढतात. एच-इंडेक्ससोबत एकट्याने लिहिलेले, पहिल्या आणि शेवटच्या नावाचे निबंध धरून एक एकत्रित गुण देतात. ती पुरस्कार नाही, आणि विद्यापीठाने केलेला गौरवही नाही. यादीत दोन भाग असतात, संपूर्ण कारकीर्दीचा आणि एकाच वर्षाचा. बातमीत कुठला भाग आहे ते बघा. स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळून काय क्रमांक येतो, तेही तिथे मिळतं.

स्वतःचा आधीचा निबंध उद्धृत करणं यात गैर काही नाही. काम एकावर एक रचलं जातं. पण निम्मी सायटेशन्स स्वतःची किंवा ठरलेल्या चारपाच मित्रांची असतील, तर वाचणाऱ्याच्या ते लक्षात येतं.

१४. 'आठ दिवसांत पेपर छापून देतो, इतके रुपये भरा' असा मेसेज आला आहे. भरू का?

नको. प्रामाणिक परीक्षणाला आठवडे, कधी महिने लागतात. आठ दिवसांत होकार देणाऱ्याने निबंध वाचलेला नसतो. आपल्या भागातल्या एका मुलीने असे पैसे भरले. पुढे तोच निबंध चांगल्या ठिकाणी पाठवायला गेली तर 'आधीच छापला आहे' म्हणून परत आला. तिची दोन वर्षांची मेहनत होती. ती रडत होती आणि माझ्याकडे द्यायला उपाय नव्हता.

पैसे घेणारं प्रत्येक नियतकालिक खोटं नसतं. वाचकाला फुकट देणारी नामांकित नियतकालिकंही लेखकाकडून शुल्क घेतात, पण परीक्षण झाल्यावर. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आता यादीवर विसंबता येत नाही. संपादक मंडळातल्या दोघांचं काम शोधा, मागचा अंक उघडून दोन लेख वाचा, आणि आपल्या मार्गदर्शकांनी तिथून कधी काही उद्धृत केलंय का ते विचारा.

१५. चांगले निबंध वाचायलाच पैसे पडतात. ते कुठून आणायचे?

केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. तिच्यातून सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. आपलं कॉलेज त्यात आहे का, ग्रंथपालांना विचारा. नसेल तर सरळ लेखकाला ईमेल लिहा. आपला निबंध कुणाला वाचायचाय हे ऐकून बहुतेकांना आनंदच होतो.

१६. माझे निबंध माझ्या नावावर दिसत नाहीत. काय करू?

हे आपल्या मराठी नावांचं जुनं दुखणं आहे. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव लिहितो. परदेशी नियतकालिक शेवटचा शब्द आडनाव धरतं, आणि सरकारी फॉर्मच्या सवयीने आपण आडनाव आधी लिहिलं तर वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. माझे तीन निबंध असेच वडिलांच्या नावावर छापले गेले. एका नियतकालिकाने दुरुस्ती करायला नकार दिला आणि ते तिन्ही कित्येक वर्षं कुणाच्याच खात्यावर नव्हते. लग्नानंतर आडनाव बदललं की कारकीर्द दोन बायकांत वाटली जाते, ते वेगळंच.

पहिला निबंध पाठवण्याआधी दोन गोष्टी करा. छापील नावाचं एकच रूप ठरवा आणि लग्न झालं तरी तेच ठेवा. आणि ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक काढा. सोळा अंकी, फुकट, जन्मभराचा. एस. पाटील नावाचे कितीही संशोधक असोत, त्या क्रमांकाचे तुम्ही एकटेच.

१७. मराठीत लिहिलेले विज्ञानलेख सायटेशनमध्ये धरतात का?

जवळजवळ नाही. मोठ्या सूच्या मराठी नियतकालिकांची नोंद घेत नाहीत. तरी लिहा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करते आहे, आणि तिथे लिहिणाऱ्या कुणीही सूचीची वाट पाहिली नाही. इंग्रजी निबंध छापून आला की त्याच महिन्यात दोन पानं मराठीत लिहायची, असा नेम मी ठेवला होता. बंदरावर माझं जे काही वाचलं गेलं ते तेवढंच.

१८. आयपीसीसीच्या अहवालात नाव येणं म्हणजे काय? त्याचे पैसे मिळतात का?

आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, स्वतः संशोधन करत नाही, झालेलं संशोधन तपासून मांडते. २०२१ च्या अहवालाच्या पहिल्या खंडाचे लेखक २३४ होते आणि त्यांनी १४,००० हून अधिक निबंधांचा आधार घेतला. लेखक मानधन न घेता काम करतात. अहवालाचा लेखक असणं आणि त्यात आपला निबंध उद्धृत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायोडेटात जे खरं असेल तेच लिहा.

१९. हे सगळं ठीक, पण माझी होडी आहे. या पेपरांचा मला काय उपयोग?

मिरकरवाड्यातल्या एका तांडेलाने हे थेट विचारलं होतं. उत्तर त्याच्याच मोबाइलवर होतं. इन्कॉइसकडून मासळीच्या संभाव्य पट्ट्यांची जी सूचना येते, ती उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून काढतात. थंड आणि गरम पाणी जिथे भेटतं तिथे खाद्य साचतं आणि मासा येतो, हे तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उपग्रहाला ते कुठे आणि कसं दिसतं, हे शंभर निबंधांतून ठरलं. ढग असले की उपग्रहाला पाण्याचा रंग दिसत नाही, म्हणून सूचना कधी येत नाही. त्यात कुणाची हयगय नसते.

लाटांच्या अंदाजाचंही तसंच. क्लाउस हासेलमान आणि सहकाऱ्यांनी उत्तर समुद्रात लाटा मोजून १९७३ मध्ये जो हिशोब दिला, त्याची सूत्रं आजही लाटांच्या प्रारूपांत आहेत. हासेलमान २०२१ च्या नोबेलमध्ये मानाबे यांचे सहमानकरी. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा भर हंगामात होड्या बाहेर होत्या आणि कित्येक माणसं परतली नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा इशारा आधी पोचला होता. घरं गेली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पण हजारो माणसं आधीच सुरक्षित जागी हलवली होती. इशारा ऐकून होडी बाहेर न काढणारा कुणाचा निबंध उद्धृत करत नाही. माझ्या मते ते सगळ्यात मोलाचं सायटेशन आहे.

२०. आमच्या वहीतल्या नोंदी एखाद्या संशोधकाने वापरल्या तर आमचं नाव येतं का?

यायला हवं, आणि त्यासाठी आधी बोलावं लागतं. नुसती माहिती दिली असेल तर आभारात नाव येतं. त्याचं सायटेशन मोजलं जात नाही. नोंदी कशा घ्यायच्या हे ठरवण्यात, त्यांचा अर्थ लावण्यात तुमचा हात असेल आणि मसुदा तुम्हाला समजावून दाखवला असेल, तर सहलेखक म्हणून नाव मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिसरा मार्गही आहे. नोंदींचा संच स्वतंत्रपणे तुमच्या नावाने साठवून त्याला कायमचा क्रमांक घेता येतो. मग जो वापरेल त्याला तो उद्धृत करावा लागतो आणि ते सायटेशन तुमच्या खात्यावर जमा होतं.

वही देताना मूळ देऊ नका, फोटो काढून द्या, आणि कशासाठी दिली ते एका कागदावर दोघांच्या सहीने लिहा. नोंद करताना तारखेबरोबर वेळ, उधाण की भांग, किती वाव पाणी, जाळं कुठलं आणि जीपीएसचा आकडा लिहा. बांगडा किती मिळाला ते सगळेच लिहितात. ज्या दिवशी काहीच मिळालं नाही, तो दिवसही लिहा. संशोधकाला त्या दिवसाची नोंद सहसा कुणाकडेच मिळत नाही.